शून्याची रेघ

भोसरीत गुरुवारी कारखान्यांना सुट्टी,
म्हणून शुक्रवार हाच आमचा सोमवार.
शटर वर जातं, चिलर घरघरू लागतो,
पाणी तेवीस अंशांवर येईस्तोवर
शिकलगारमामा चहाच्या ग्लासावर बोटं शेकत उभे.

चाकणहून अख्खी पेटी परत आली होती.
नऊशे साठ पोलादी पट्ट्या,
प्रत्येकीवर शून्याची एक रेघ आम्ही कोरलेली,
आणि प्रत्येक रेघेचं तोंड
बाकीच्या अंगाहून काळं, खोल,
नख फिरवलं तर अडकणारं.
वर लाल शाईत शेरा: सुरुवात जळालेली.

मी स्कोप लावला.
वाटेत एक तिरपी काच, किरणाचा शतांश पुरतो.
बटण दाबलं.
पडद्यावर आधी काहीच नाही,
मग एकदम सुळका, चौकटीबाहेर गेलेला,
मग दरी, जवळजवळ अंधार,
मग बुटका सुळका, उथळ दरी,
अजून बुटका,
अजून,
आणि मग सरळ रेघ. जसं काही घडलंच नव्हतं.
सगळं मिळून पापणी लवायच्या हजाराव्या हिश्शात.

मालक म्हणाले, मला कळेल असं सांग.

कागदावर मला सांगता येतं.
प्रकाश नसतो तोवर खर्च नसतो, आत नुसतं साठत जातं.
दार उघडलं की सगळं एका दमात बाहेर,
हवं त्याहून जास्त,
मागे खड्डा.
खड्डा भरेस्तोवर काळोख, भरला की पुन्हा तोच उतावीळपणा, जरा कमी.
आमच्या धायरीचा नळ शुक्रवारी असाच.
आधी खोकतो, मग गढूळ पिचकारी,
मग नुसती हवा, बादली हादरते,
आई म्हणते थांब, आत्ताच भरू नकोस.

पण तोंडानं?
माझं नाव केतकी ढमढेरे.
नावात क, आडनावात ढ,
बारशाला कुणी विचार केला नसावा.
क माझ्या टाळूला मागे चिकटून बसतो.
फोनवरचा माणूस म्हणतो, हॅलो? हॅलो? आवाज येत नाहीये.
साठत असतो हो.
मग सुटतो तो इतका मोठ्यानं
की उरलेलं नाव मागच्या खड्ड्यात जातं.

मामांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
म्हणाले, आजा माझा रविवार पेठेत सुऱ्यांना धार लावायचा.
दगड आधी हवेत फिरवायचा,
मग जुना खिळा टेकवायचा, मग गिऱ्हाईकाचं पातं.
पहिली ठिणगी कुणाच्याच सुरीची नसते, पोरी.

आणि माउस धरून, चष्मा कपाळावर सरकवून,
त्यांनी रेघेचा आरंभ दोन मिलिमीटर डावीकडे ओढला,
पट्टीच्या कडेबाहेर, खालच्या जिगवर.
जळू दे तिथं, म्हणाले. जिग आपलाच आहे.

दुपारी चाकणला फोन मीच लावला.
बिडकर, क्वालिटी.
हं, तर, नमस्कार, भोसरीहून बोलतेय, म्हटलं,
या सगळ्याला काही अर्थ नव्हता,
अर्थाच्या कडेबाहेर होतं ते.
तरी क अडकलाच.
सुटला, पुन्हा अडकला, जरा कमी.
पलीकडे बिडकर हॅलो म्हणाले नाहीत.
पेन टकटकवत असावेत, किंवा जेवत.
ढ कसा गेला ते मला आठवत नाही,
पट्ट्या मात्र मंगळवारी पास झाल्या.

जिगवरची ती जागा आता बोटभर काळी आहे.
परवा म्हटलं, मामा, बदलून टाकू या का.
त्यांनी अंगठा फिरवला, काजळी पँटीला पुसली.
राहू दे, म्हणाले. अजून जाडी आहे.